हातात ताकद येते, तिला वळण कोण लावणार?



कोल्हारसारख्या गावात आता संध्याकाळी शाळेच्या पटांगणात पांढरे कपडे आणि रंगीत पट्टे बांधलेली मुले-मुली दिसू लागली आहेत. कुणी कराटे शिकते, कुणी तायक्वांदो, कुणी अजूनही लाल मातीतली तालीम धरून आहे. प्रवरेच्या काठच्या वस्त्यांमधले आई-बाप दिवसभर उसाच्या रानात, नाहीतर नगर-मनमाड रस्त्यावरच्या हॉटेलात, गॅरेजात राबतात आणि महिन्याची फी भरतात. हेतू साधा असतो. मूल निरोगी व्हावे, गुटख्या-मोबाइलपासून लांब राहावे, कुणी अंगावर आले तर त्याला सावरता यावे.

हेतू चांगलाच आहे. पण या आरोग्य पानावर आम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. मूल लाथ आणि ठोसा शिकते, त्याबरोबर ते आणखी काय शिकते? आम्ही आरोग्याचा अर्थ फक्त दंडाचा घेर असा धरत नाही. राग आल्यावर हात कुठे थांबतो, हरल्यावर डोके ठिकाणावर राहते का, स्वतःच्या शरीराला मूल खोटे बोलते का, हेही आरोग्यच आहे.

खेळ एकच, परिणाम दोन

"कराटे शिकले की मूल शिस्तीचे होते" असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत 1986 साली मायकेल ट्रुल्सन या संशोधकाचा एक छोटा पण बोलका अभ्यास प्रसिद्ध झाला. गुन्हेगारीकडे झुकलेली 13 ते 17 वयाची 34 मुले त्यांनी तीन गटांत विभागली. पहिल्या गटाला पारंपरिक पद्धतीने तायक्वांदो शिकवले. त्यात आदर, संयम, ध्यान आणि तत्त्वांची चर्चा होती. दुसऱ्या गटाला फक्त मारामारीचे तंत्र शिकवले. तिसऱ्या गटाला नुसता व्यायाम दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली आणि आत्मविश्वास वाढला. दुसऱ्या गटातली मुले आधीपेक्षा जास्त आक्रमक झाली.

नॉर्वेतल्या संशोधकांनी 11 ते 13 वयाच्या 477 मुलग्यांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. 2005 साली त्याचा निष्कर्ष आला. मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणे आणि मार्शल आर्ट करणाऱ्या मुलांमध्ये खेळाबाहेरची दांडगाई वाढलेली दिसली.

यावरून मुलाला क्लासमधून काढून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. खेळ आपोआप चांगले वळण लावत नाही, एवढे मात्र यातून कळते. वळण शिकवणाऱ्याच्या हातात असते आणि घराच्याही. शिकवणारा रोज "मार, फोड, संपव" एवढेच बोलत असेल, तर मूल तेच उचलणार.

या कला ज्यांनी घडवल्या ते शिक्षक होते

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे शिक्षक होते. त्यांनी 1882 साली टोकियोत कोदोकान ही शाळा काढली. आपली ताकद योग्य कामी लावावी आणि दोघांचेही भले व्हावे, ही त्यांच्या शिकवणीची दोन सूत्रे. ज्युदोत ज्याला आपण पाडतो त्याला इजा होणार नाही याची काळजी पाडणाऱ्याने घ्यायची असते. म्हणून पहिले काही आठवडे फक्त पडायचे कसे हेच शिकवतात. ओकिनावाचे गिचिन फुनाकोशी हेही शाळामास्तर. 1922 साली त्यांनी कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेले. कराटेत पहिला वार आपण करायचा नसतो, ही त्यांची ठाम शिकवण होती. सरावाची सुरुवात आणि शेवट दोन्ही वाकून नमस्काराने होतात, तेही याच कारणाने.

बोधिधर्म नावाच्या भिक्खूने चीनमधल्या शाओलिन विहारात या कला सुरू केल्या, असे आपल्या मुलांना अनेकदा सांगितले जाते. ऐकायला छान वाटते, पण ती दंतकथा आहे, तिला इतिहासाचा भक्कम आधार नाही. तपासल्याशिवाय मानू नये ही आपली शिकवण आहे. ती इथेही लागू करू या.

त्यापेक्षा आपल्याकडचा इतिहास मुलांना सांगावा. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मांग समाजात जन्मलेल्या या वस्तादाकडे तरुण जोतीराव फुले दांडपट्टा आणि इतर मर्दानी खेळ शिकले. 1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सनातन्यांच्या त्रासात लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तालमीत कमावलेले बळ त्यांनी शाळेच्या दारावर उभे केले. त्यांच्याच घराण्यातल्या मुक्ता साळवे या मुलीने त्या शाळेत शिकून मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पुढे बाबासाहेबांच्या काळात समता सैनिक दलाचे तरुण गणवेशात, रांगेत उभे राहून सभांचे रक्षण करत. आपल्या परंपरेत ताकदीचे काम हेच राहिले आहे. दुबळ्याच्या बाजूने उभे राहायचे, तेही शिस्तीत.

हरताना काय करायचे

आपल्याच जिल्ह्यातले अलीकडचे उदाहरण घेऊ. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या लढती झाल्या. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला. तो मान्य नसल्याने राक्षेने वाद घातला आणि पंचाला लाथ मारली. नंतरच्या मुख्य लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून मैदान सोडले आणि पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राज्य कुस्तीगीर संघाने राक्षे आणि गायकवाड दोघांनाही तीन वर्षांसाठी निलंबित केले.

पंचाचा निर्णय बरोबर की चूक, यावर नंतरही पुष्कळ वाद झाला. समजा तो चूकच होता. तरी त्या एका क्षणात काय झाले ते मुलांना समजावून सांगा. राक्षे हा आधीचा महाराष्ट्र केसरी. वर्षानुवर्षांची मेहनत होती, तक्रार करायला जागा होती, कदाचित न्यायही बाजूने होता. लाथ मारल्यावर चर्चा पंचाच्या निर्णयाची राहिली नाही, लाथेची झाली.

आता दुसरे उदाहरण पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले तेव्हा प्रवासाला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. हेलसिंकीत एक दमवणारी लढत संपते न संपते तोच खाशाबांना पुढच्या लढतीला बोलावले गेले. दोन लढतींमध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ते थकलेल्या अंगाने उतरले, हरले आणि कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या करून पैसे जमवले आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले.

अन्याय दोन्हीकडे वाट्याला आला, किंवा आला असे वाटले. फरक नंतरच्या वागण्यात आहे. हरलेल्या मुलाला घरी "पंच विकला गेला होता" असे लगेच म्हणू नका. आधी पाणी द्या, जेवू द्या. दुसऱ्या दिवशी विचारा, "कुठे चुकलं? पुढच्या वेळी काय करशील?" निर्णयावर आक्षेप असेल तर तो प्रशिक्षकाने नियमाप्रमाणे नोंदवायचा असतो. ते मुलाचे काम नाही.

अपमान झाला तर गप्प बसायचे का?

आता अवघड प्रश्न. इतरांच्या मुलांना "संयम ठेव" सांगणे सोपे आहे. आपल्या मुलाला शाळेत, बसस्टँडवर, मिरवणुकीत जातीवरून बोलले जाते. आपल्या जिल्ह्याने 2013 साली सोनई आणि 2014 साली खर्डा पाहिले आहे. अशा ठिकाणी संयम म्हणजे मार खाणे, अपमान गिळणे, असा अर्थ मुलाने काढला तर त्याला दोष देता येणार नाही. म्हणून हे स्पष्ट बोलायला हवे.

जिवावर बेतले तर स्वतःचा आणि दुसऱ्याचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 पासून पुढे तो आहे. मात्र बचावासाठी लागेल तेवढेच बळ वापरायचे. समोरचा पळाला, पडला किंवा थांबला की बचाव संपला. त्यानंतरचा प्रत्येक ठोसा गुन्हा ठरू शकतो.

शब्दाने केलेल्या अपमानाला हाताने उत्तर दिले की फिर्यादी आरोपी होतो. लोकांच्या देखत जातीवरून केलेला अपमान हा 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. मुलाने मारामारी केली की समोरचा उलट तक्रार देतो आणि मूळ गुन्हा बाजूला पडतो. त्याऐवजी मुलाला हे शिकवा: तिथून निघ, साक्षीदार कोण होते ते लक्षात ठेव, तारीख-वेळ आणि नेमके शब्द लिहून ठेव, त्याच दिवशी घरी सांग. मग मोठ्यांनी पोलीस ठाण्यात जायचे. तिथे तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवायची. तातडीच्या मदतीला 112 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक चोवीस तास चालतात.

यात भित्रेपणा काहीच नाही. हात चालवता येत असताना तो रोखून तक्रार लिहिणे हे हात चालवण्यापेक्षा कठीण आहे. त्यासाठीच तर सराव करायचा.

आणखी एक धोका आहे. अंगाने भरलेला, हात चालणारा पोरगा दिसला की त्याला "आपला माणूस" म्हणून वापरायला टपलेले लोक प्रत्येक गावात असतात. कुणाच्या वसुलीला, कुणाच्या भांडणाला, निवडणुकीत कुणाला दम द्यायला. वापरणारा सुटतो आणि नाव लागते ते पोराचे. पोलीस भरतीत आणि इतर सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी होते. पहाटे धावून कमावलेली भरती अशा एका गुन्ह्याच्या नोंदीने हातची जाऊ शकते. हे आई-बापांनी स्पष्ट शब्दांत सांगावे.

राग शरीरात कसा चढतो

राग आला की ॲड्रेनॅलिन रक्तात मिसळते. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, मुठी आवळतात, आणि विचार करणारा मेंदू काही क्षण मागे पडतो. शरीराची रचनाच तशी आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण श्वास सावकाश बाहेर सोडला की हृदयाचे ठोके मंदावू लागतात. विहारात मुलांना शिकवतात ती आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणे, इथे थेट उपयोगी पडते. सरावाआधी आणि नंतर पाच-पाच मिनिटे बसवा. सवय आधी लागली तरच ऐनवेळी श्वास आठवतो.

शरीराशी खोटे बोलायचे नाही

प्रामाणिकपणाचा धडा सर्वात आधी स्वतःच्या शरीरावर लागू होतो.

वजन: स्पर्धेआधी उपाशी राहून, पाणी तोडून, जाड कपडे घालून पळून वजन उतरवायची चाल आहे. 1997 साली अमेरिकेत महिना-सव्वा महिन्यात कॉलेजचे तीन मल्ल असे वजन उतरवताना मरण पावले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगटचे वजन रात्रभर प्रयत्न करूनही 100 ग्रॅम जास्त भरले. ती अपात्र ठरली आणि अंगातले पाणी कमी झाल्याने तिच्यावर उपचार करावे लागले. तिच्याभोवती डॉक्टर होते, आपल्या मुलांभोवती नसतात. वाढत्या वयातल्या मुलाने आहे त्या वजनगटात खेळावे, पाणी कधीही तोडू नये.

पावडर आणि इंजेक्शन: जिममध्ये किंवा ओळखीतून मिळणारी 'बॉडी'ची गोळी-इंजेक्शने बहुधा स्टेरॉइडची असतात. त्याने वाढ खुंटते, यकृत बिघडते, चिडखोरपणा वाढतो आणि तपासणीत सापडले तर बंदी येते. महागड्या पावडरीचीही गरज नसते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, मूठभर (50 ग्रॅम) फुटाण्यांत सुमारे 10, तेवढ्याच शेंगदाण्यांत सुमारे 12 आणि 50 ग्रॅम सोयाबीन वडीत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. बाजरीची भाकरी, डाळ, मटकीची उसळ आणि मिळेल तेव्हा दूध-अंडी, एवढ्यावर पहिलवान घडले आहेत.

डोक्याचा मार: सरावात डोक्याला मार लागून मूल गोंधळले, चक्कर आली, डोके दुखू लागले किंवा मळमळले, तर त्या दिवशी खेळ बंद. "काही होत नाही, उठ" असे म्हणणारा प्रशिक्षक चुकतो आहे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झोपेतून न उठणे, झटके किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त दिसले तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा. कोल्हारहून लोणीचे प्रवरा रुग्णालय जवळ आहे. बरे वाटल्यावरही हलक्या व्यायामापासून हळूहळू सुरुवात करावी आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत डोक्याला मार बसेल असा सराव टाळावा.

कातडी: एकाच गादीवर अनेक जण लोळतात, त्यातून नायटा पसरतो. सरावानंतर लगेच आंघोळ, कपडे रोज धुतलेले, टॉवेल स्वतःचा. नायटा झाला तर लपवून सरावाला जाऊ नये, कारण तो सोबत्यालाही लागतो. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवस थांबते आणि नायटा अधिक हट्टी होतो. डॉक्टरांना दाखवा.

नशा: तंबाखू, गुटखा, दारू यांचे वेगळे सांगायला नको. पंचशील रोज म्हणणाऱ्या घरात मुलाच्या प्रशिक्षकाच्या तोंडात मावा असेल, तर मूल कुणाचे ऐकेल? प्रशिक्षकाला हे नम्रपणे पण तोंडावर सांगा.

मुलींसाठी

मुलीला क्लासला पाठवणारे घर चांगले काम करते आहे. पण सगळा भार तिच्या लाथेवर टाकू नका. छेड काढणाऱ्याला आवर घालणे ही सगळ्या गावाची जबाबदारी आहे. तिला पहिला धडा ठोशाचा नको. मोठ्याने "नाही" म्हणणे, गर्दीकडे पळणे आणि घरी न घाबरता सांगणे, हे तिला आधी शिकवा. पाळी सुरू असताना तिला बरे वाटत असेल तर सराव चालू ठेवायला हरकत नाही. दम लागणे, पाय दुखणे, चेहरा पांढुरका दिसणे असे असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. जेवणात गूळ, हिरव्या भाज्या, हरभरे ठेवा आणि सोबत लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते.

क्लास निवडताना

फी भरण्याआधी एक दिवस कडेला उभे राहून सराव पाहा. पुढील गोष्टी तपासा:

• मोठा मुलगा लहानाशी खेळताना हात आवरतो का? आवरत नसेल तर शिकवणारा काय करतो?

• प्रशिक्षक शिव्या देतो का, मारतो का? शिक्षा म्हणून मारणे हे प्रशिक्षण नव्हे.

• पालकांना सराव पाहू देतात का? बंद दाराआडचा, एकट्या मुलाचा 'खास' सराव नको. नको तिथे हात लागला असे मूल म्हणाले तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. मुलगा असो वा मुलगी, पोक्सो कायदा 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला संरक्षण देतो.

• पट्टे किती झटपट मिळतात? ब्लॅक बेल्टला नियमित सरावाची काही वर्षे लागतात. वर्षभरात देणारा पट्टा विकतो आहे.

• प्रमाणपत्र कुठले? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक संस्थेचा कागद त्याला चालत नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या. वय कमी दाखवणे आणि बनावट प्रमाणपत्र यांच्या वाटेला जाऊ नका. पकडल्यावर नोकरी जाते, वर गुन्हाही दाखल होतो.

• गादी, पाणी, प्रथमोपचाराची पेटी आहे का? सिमेंटवर फेकाफेकीचा सराव असेल तर मुलाला परत आणा.

घरचा सराव

क्लास आठवड्यातून चार-पाच तासांचा, बाकीचे सगळे तास घराचे. बाप आईवर हात उगारत असेल तर प्रशिक्षकाचे संयमाचे धडे वाया जातात. म्हणून पहिला नियम मोठ्यांनी पाळायचा. घरात कुणी कुणावर हात टाकायचा नाही. दुसरा, मुलाने आपला गणवेश स्वतः धुवायचा आणि घडी घालायची, मुलगा असला तरी. तिसरा, शाळेचा अभ्यास बुडाला तर सराव एक दिवस बंद. चौथा, वस्तीतल्या लहान मुलांना आठवड्यातून एक दिवस मोफत शिकवायचे. शिकवताना मुलाला स्वतःच्या चुका दिसतात आणि ताकद कशासाठी आहे तेही उमगते. पाचवा, घरी आल्यावर "जिंकलास का?" हा प्रश्न शेवटी विचारायचा. त्याआधी विचारायचे, "आज कुणाला मदत केलीस? कुणाला लागलं तर नाही ना?"

विहारात रविवारी मुले जमतात तेव्हा हा लेख वाचून दाखवावा आणि त्यांनाच विचारावे, तुमच्या क्लासमध्ये यातले काय आहे आणि काय नाही. मुले जे उत्तर देतील ते प्रशिक्षकापर्यंत पालकांनी चार जण मिळून न्यावे. एकट्या पालकाचे म्हणणे ऐकले नाही तरी चौघांचे ऐकावे लागते.